मदत हवी आहे: डोक्याच्या मुक्या माराचं कोडिंग

कोडिंगवाले आणि डॉक्टर मंडळी, जरा मदत करा ना. आयसीडी-१०-सीएममध्ये (अमेरिकेत निदानांना कोड देण्यासाठी वापरतात ती यादी) डोक्याच्या मुक्या माराला टाळू असेल तर एस००.०३एक्सए, कपाळ असेल तर एस००.८३एक्सए, आणि जागाच लिहिली नसेल तर एस००.९३एक्सए, एवढं मला कळतंय. पण माझ्याकडे आलेल्या नोटमध्ये वर नुसतं हेड कन्ट्यूजन (डोक्याला मुका मार) आणि खाली तपासणीत कपाळावर टेंगूळ, कानामागे काळंनिळं असं लिहिलंय. तपासणीतली जागा धरून कोड लावता येतो, की डॉक्टरांना क्वेरी (खुलाशासाठी विचारणा) टाकायचीच? मला तरी क्वेरीच बरोबर वाटते, कारण कानामागचा काळानिळा डाग कवटीच्या तळाशी फ्रॅक्चर असल्याची खूण असू शकतो, दोन्ही डोळ्यांभोवती काळं झालं तरी तेच, आणि असा डाग बरेचदा एकदोन दिवसांनी उमटतो, म्हणून तो साधा मार समजून सोडून देणं मनाला पटत नाही.

दुसरं, डॉक्टरांनी कन्कशनपण (मेंदूला बसलेला धक्का) लिहिलं तर त्याच्या एस०६.० कोडसोबत मुक्या माराचा एस००चा कोड ठेवायचा का? एकाच जागी मोठी इजा असेल तर वरवरची कोड करायची नाही हा नियम माहितीये, पण कपाळावरचं टेंगूळ आणि मेंदूचा धक्का ही एकच जागा धरायची का?

घरी सोडताना कापडात गुंडाळलेला बर्फ १५-२० मिनिटं लावा एवढंच लिहिलंय. वारंवार उलट्या, वाढती डोकेदुखी, गुंगी, फिट, नाकाकानातून पाणी आलं तर लगेच परत या, हे लिहून द्यायला नको का?