पाँपेई: पैसा कमी की पाण्याचा निचरा?

पाँपेई म्हणजे ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलेलं इटलीतलं प्राचीन रोमन शहर. ‘पैसा नव्हता म्हणून पाँपेईचे अवशेष ढासळले’ असं म्हटलं जातं, पण ते अर्धंच खरं आहे. ६ नोव्हेंबर २०१० ला तिथली स्कोला आर्मातुरारुम ही प्राचीन वास्तू कोसळली. १९४३ च्या बॉम्बहल्ल्यानंतर तिची डागडुजी करताना जुन्या भिंतींवर आरसीसीचं जड छप्पर चढवलं होतं. सळया गंजल्या की फुगतात, काँक्रीटला तडे जातात, पाणी आत शिरतं. त्यात भिंतीमागे न उकरलेल्या राखेचा आणि पमिस (ज्वालामुखीतून पडलेल्या हलक्या, सच्छिद्र) खड्यांचा ढिगारा. पावसात तो भिजून जड होतो आणि भिंतीला पुढे ढकलतो. बुजलेल्या गटारांकडे वर्षानुवर्षं कुणी बघायचं नाही.

पुढे पाँपेईच्या जतनासाठी १०.५ कोटी युरोंचा मोठा प्रकल्प आला. त्यात ढिगाऱ्यांचे उतार कमी करणं, निचऱ्याचे चर काढणं, भिंतींचे माथे चुन्याच्या मसाल्याने बंद करणं असली, फोटोत न दिसणारी कामंही झाली. माझ्या मते खरी कमाई तीच.

भिंतींवरच्या लॅटिन मजकुराची गत याहून वाईट. चुना फासून त्यावर तांबड्या-काळ्या रंगात लिहिलेला निवडणुकीचा प्रचार (अमक्याला निवडा, शेजारी पाठिंबा देतायत वगैरे) ऊन-पाऊस लागला की फिका पडतो, गिलाव्यामागे ओल आली की पापुद्रे सुटतात. कित्येक ओळी आता फक्त लॅटिन शिलालेखांच्या कोशाच्या चौथ्या खंडातच वाचायला मिळतात. त्याचा पहिला भाग १८७१ चा! म्हणून नवीन भाग उकरायच्या आधी छप्पर आणि निचरा तयार हवा, नंतर नव्हे.