‘क्लावे’ला मराठीत काय म्हणावं? आणि ‘प्रभाव’ चालेल का?

प्रश्न
सेनेगलच्या ऑर्केस्ट्रा बाओबाबवर लेख लिहितेय. १९७० साली डाकारमध्ये सुरू झालेला वाद्यवृंद. गाणी वोलोफमध्ये, स्पॅनिशमध्येही, आणि चाल थेट ‘सोन’ या क्युबन नाचगाण्याची. दोन ठिकाणी अडलेय. ‘क्लावे’ला, म्हणजे क्युबन गाण्याच्या पायाशी असणाऱ्या तालाला, मी ‘ठेका’ लिहिलं, पण मनाला पटत नाही. दुसरं म्हणजे ‘पश्चिम आफ्रिकी संगीतावर लॅटिन तालांचा प्रभाव’ हे वाक्य. यातला ‘प्रभाव’ बरोबर आहे का?

उत्तर
ताई, ‘ठेका’ नकोच. ठेका बोलांनी भरलेला असतो, क्लावेत मोकळी जागाच जास्त. सोळा मात्रा मोजा आणि फक्त १, ४, ७, ११, १३ वर टेबलावर बोट आपटा. पाचच आघात, पहिल्या निम्म्यात तीन, दुसऱ्यात दोन. काही गाण्यांत आधी दोन येतात, मग तीन. पण एकदा ठरलं की गाणारा, ट्रम्पेटवाला, कोंगावाला, सगळे त्यालाच धरून चालतात. कधीकधी तो कुणीच वाजवत नाही, तरी प्रत्येकाच्या मनात चालूच असतो.

स्पॅनिशमध्ये क्लावे म्हणजे किल्ली, पण कुलपाची नव्हे, कोडं उकलणारी. कमानीच्या माथ्यावरच्या, तिला तोलून धरणाऱ्या दगडालाही हाच शब्द. आपल्याकडे ‘कळ’ याच्या फार जवळ जातो: कळफलक, कळीचा मुद्दा. लेखात ‘क्लावे’च ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे ‘म्हणजे कळीचा ताल’ एवढं जोडा.

त्याच नावाचं वाद्यही आहे, त्याला मात्र बिनधास्त ‘टिपऱ्या’ म्हणा. आपल्यापेक्षा आखूड आणि जाड. एक टिपरी डाव्या हातावर अलगद ठेवायची, तळवा पोकळ ठेवायचा, म्हणजे आवाज घुमतो. मुठीत आवळली की ठणका गेला.

उत्तर
मला ‘प्रभाव’ खटकतो. घानात अक्राच्या ‘गा’ समाजातल्या तरुणांनी १९६० च्या दशकात पानलोगो हा नाच उभा केला. त्यात लोखंडी घंटेवर हेच पाच आघात वाजतात. घंटेवर असा ताल धरायची रीत तिकडची फार जुनी. गुलाम म्हणून क्युबात नेलेल्या माणसांबरोबर ती समुद्रापार गेली. १९३३ पासून एचएमव्हीच्या जीव्ही मालिकेतल्या क्युबन तबकड्या आफ्रिकेत विकायला आल्या आणि लोकांना त्यात आपलंच काही ऐकू आलं. मी तर ‘माहेरी आलेले ताल’ लिहीन.

उत्तर
‘माहेर’ नको, कळकळीने सांगतो. लेक वाजतगाजत सासरी जाते, ही माणसं साखळदंडांत गेली. साधं ‘परतलेले’ म्हणा.

शिवाय सगळंच आपोआप परतलं नाही. मालीने १९६४ मध्ये तरुण वादक हवानाला शिकायला पाठवले. त्यांतून ‘लास माराविय्यास दे माली’ हा वृंद झाला. ही ठरवून घेतलेली तालीम होती. अशा ठिकाणी ‘वळण’ हा शब्द बघा. आपण ‘जुन्या वळणाचं घर’, ‘अमुक घराण्याच्या वळणाची गायकी’ म्हणतो, तसं ‘क्युबन वळणाची गाणी’. वळण लागतं तसं ते लावूनही घेतलं जातं.

प्रश्नकर्ती
‘वळण’ एकदम पटलं. ‘लॅटिन’सुद्धा काढते; मराठी वाचकाला आधी रोमची भाषा आठवते, आणि इथे बोलणं मुख्यतः क्युबाचंच आहे. वाक्य आता असं: ‘तबकड्यांवरून परतलेल्या तालांनी डाकारच्या गाण्याला क्युबन वळण दिलं, पुढे साबार ढोल त्यात शिरले आणि म्बालाख हे सेनेगली नाचगाणं घडलं.’ ‘शिरले’ ठेवू की ‘मिसळले’?

उत्तर
‘शिरले’च ठेवा. साबार काठीने आणि हाताने कडाडून वाजतो, तो मिसळत नाही.