कुरळे केस सरळ न करता छायाचित्रणासाठी कसे तयार करावेत?

प्रश्न

पुढील महिन्यात कामानिमित्त माझे व्यावसायिक छायाचित्रण ठरले आहे. दिवसाचा अर्धा भाग स्टुडिओत आणि उरलेला मोकळ्या जागेत जाईल. माझे केस जन्मतः कुरळे असून खांद्याखाली येतात. बटा पेन्सिलीएवढ्या जाडीच्या आहेत, मात्र वरचा थर सतत पिंजारलेला असतो. मागच्या खेपेस मी सकाळी न्हाऊन केस ओलसर असतानाच निघाले आणि पोहोचल्यावर घाईघाईने विंचरले. परिणामी डोक्याभोवती कापसाचा ढीग तयार झाला आणि शेवटी मेकअप करणाऱ्या व्यक्तीने स्ट्रेटनर फिरवून वेळ मारून नेली. छायाचित्रे वाईट आली नाहीत, परंतु त्यांतील बाई माझी कोणी लांबची नातेवाईक वाटते. या वेळी केस कुरळेच ठेवायचे आहेत. ते केव्हा धुवावेत, त्यांना काय लावावे आणि दिवसभर त्यांचा आकार कसा राखावा, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

पहिले उत्तर

आपले केस बिघडले ते न्हाण्यामुळे नव्हे, तर अर्धवट वाळलेले असताना विंचरल्यामुळे. केसांतील केराटिन या प्रथिनाच्या साखळ्यांना जोडणारे हायड्रोजन बंध पाण्याने सुटतात आणि केस वाळताना पुन्हा जुळतात, त्यामुळे वाळतेवेळी केस ज्या स्थितीत असेल तोच आकार तो धरून ठेवतो. वाळत आलेल्या बटांमधून फणी फिरवली की एकत्र वळलेले केस सुटे होतात आणि प्रत्येक केस स्वतःच्या मनाप्रमाणे वाळतो. म्हणून गुंता काढायचा तो न्हाताना, कंडिशनर लावलेला असताना, मोठ्या दातांच्या फणीने आणि टोकांकडून सुरुवात करून. त्यानंतर फणीला सुट्टी.

मी स्वतः केसांतून पाणी ठिबकत असतानाच जेल लावते, टोकांकडून मुळांकडे केस मुठीत दाबत जाते आणि जाड टॉवेलाऐवजी जुन्या सुती टी-शर्टने पाणी टिपते. वाळल्यावर जेलमुळे बटा कडक, जवळजवळ कुरकुरीत होतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटते की सगळे बिघडले, परंतु त्या कवचाखाली बटांचा आकार सुरक्षित असतो. केस पूर्ण कोरडे झाले की तेलाचे दोनतीन थेंब तळहातांवर चोळून बटा हलकेच दाबाव्यात, म्हणजे कडकपणा मोडतो आणि वळण तसेच राहते. ‘पूर्ण कोरडे’ या शब्दांवर माझा जोर आहे. वरून कोरडे लागणारे केस मानेजवळ पुष्कळदा ओलेच असतात आणि तेवढ्यात हात लावला की सगळी मेहनत वाया जाते.

दुसरे उत्तर

मी केशरचनेचे काम करते. वरील पद्धतीशी मी सहमत आहे, केवळ वेळेविषयी थोडी भर घालते. कुरळे केस धुतल्या दिवशी मुळांशी फुललेले आणि अधिक भुरभुरीत असतात, तर दुसऱ्या दिवशी ते थोडे बसतात आणि बटा एकमेकींना धरून राहतात. आपला वरचा थर पिंजारत असल्याने मी आदल्या दिवशी दुपारी केस धुण्याचा सल्ला देईन. रात्री ते डोक्याच्या माथ्यावर सैल बांधून सॅटिनच्या उशीवर झोपावे, कारण सुती अभ्र्यावर केस अधिक घासले जातात. ज्यांचे वळण एका रात्रीत सपाट होते, त्यांनी मात्र त्याच दिवशी पहाटे धुऊन डिफ्यूझर (हवेचा झोत पसरवणारे तोंड) लावलेल्या ड्रायरने, कमी उष्णतेवर आणि कमी वेगावर, केस वाळवावेत.

आपण कोणत्या गटात मोडता हे उत्पादनाच्या वेष्टणावरून कळत नाही. त्यासाठी दोन आठवडे आधी एकदा संपूर्ण तालीम करावी आणि खिडकीपाशी स्वतःचे फोटो काढून पाहावेत. केस कापायचे असतील तर तेही याच सुमारास उरकावे, आणि कापणाऱ्याला ते कोरडे असताना पाहण्यास सांगावे, कारण ओली बट वाळल्यावर बरीच आखडते आणि कपाळावरच्या बटेची लांबी हमखास चुकते. छायाचित्रणाच्या आठवड्यात नवे उत्पादन वापरू नये.

प्रश्नकर्ती

दोघींचेही आभार. तालमीची कल्पना पटली. आरशापेक्षा फोटोच पाहावेत हे मला सुचले नसते. बाहेरच्या भागाची धास्ती मात्र कायम आहे. तेथे हवा दमट असेल आणि वाराही असेल.

तिसरे उत्तर

केसांबद्दल मला फारसे कळत नाही, परंतु कॅमेऱ्यामागे बरीच वर्षे उभा असल्याने सांगतो की पिंजारलेपणाचा मोठा वाटा प्रकाशाचा असतो. सूर्य पाठीमागे असला की एरवी न दिसणारा प्रत्येक सुटा केस उजळून निघतो. काही चित्रांत ते तेजोवलय सुंदर दिसते, पण कामाच्या छायाचित्रात ते बहुधा नको असते. याउलट, अगदी समोरून येणाऱ्या फ्लॅशमुळे वळणांमधील सावल्या पुसल्या जातात आणि केसांचा एकच काळा गठ्ठा दिसतो. बाजूने येणारा मऊ प्रकाश कुरळ्या केसांना सर्वाधिक न्याय देतो. केस काळे असतील तर पार्श्वभूमी गडद नसावी, आणि शक्यतो साधी असावी. साध्या पार्श्वभूमीवरचे सुटे केस नंतर संगणकावर पुसता येतात, तर पानाफांद्यांसमोरचे पुसताना जीव मेटाकुटीला येतो.

वाऱ्याकडे पाठ करून उभे राहू नये, नाहीतर केस तोंडावर येतात. छायाचित्रकाराला आधीच कळवावे की केस कुरळेच राहणार आहेत आणि बाहेरचा भाग शेवटी ठेवता येईल का, हेही विचारावे, म्हणजे दमट हवेचा परिणाम होण्यापूर्वी महत्त्वाची छायाचित्रे हाती असतील.

पहिल्या उत्तराची पुरवणी

दमट हवेसाठी एक गोष्ट राहिली. जेलच्या घटकांत ग्लिसरीन अगदी सुरुवातीला असेल तर ते त्या दिवसापुरते टाळून पाहावे, कारण ते हवेतील ओलावा ओढून घेते आणि केस फुगू शकतात. जागेवर केस विस्कटलेच, तर वरून पाणी फवारू नये, त्याने सुटलेले बंध पुन्हा नव्याने जुळू लागतील. बोटांच्या टोकांवर वाटाण्याएवढे जेल घेऊन तेवढीच बट बोटाभोवती गुंडाळावी आणि वाळेपर्यंत तशीच सोडावी. भांगेजवळचे उभे राहिलेले बारीक केस मी कोऱ्या टूथब्रशला किंचित जेल लावून बसवते. पर्समध्ये तो ब्रश पाहून लोक चमकतात, तेवढे चालवून घ्यावे लागते.