इंजिन कव्हरचा पिवळेपणा जातच नाहीये

जुनाटगाडी:
मंडळी, वडिलांची जुनी बाईक बाहेर काढलीये, इंजिन ठणठणीत आहे पण दोन्ही साइडची कव्हरं पार पिवळी पडलीत, खालच्या कडेला तर गांडूळ फिरल्यासारख्या पांढऱ्या रेघा आल्यात. दोन रविवार मेटल पॉलिश घासतोय, खांदे गेले पण कव्हर आहे तस्संच. कॉस्टिक सोडा लावून बघू का?

काळेहात:
कॉस्टिकचं नावच काढू नका!! ॲल्युमिनियम खातं ते. मी एकदा बुडवून ठेवलं होतं, फसफस बघून वाटलं वा घाण निघतेय, बाहेर काढलं तर तव्यासारखं काळं आणि हाताला खरखरीत. बरं एक सांगा, घासताना फडकं काळं होतंय का?

जुनाटगाडी:
नाही हो, जरासं मळतं बस. मला वाटलं पॉलिशच जुनं झालंय

काळेहात:
मग तुम्ही धातू नाही, लॅकर घासताय. कव्हरवर कंपनीतूनच पारदर्शक लॅकर मारलेलं असतं, पिवळं पडलंय ते लॅकर, आणि ते जिथे फुटलं तिथून ओल आत शिरली त्याच त्या रेघा. ॲल्युमिनियमला पॉलिश लागलं की फडकं लगेच काळंकुट्ट होतं. आधी पेंट रिमूव्हर लावून (हातमोजे घालून, उघड्यावर) साल काढा, धुवा, मग वॉटर पेपर (पाण्यात भिजवून घासायचा सँडपेपर, नंबर मोठा तितका बारीक) भिजवून 320, 400, 600, 800, 1000 असं चढत जा. एक नंबर आडवा घासला तर पुढचा उभा, म्हणजे आधीचे ओरखडे राहिलेत का ते कळतं, नाहीतर सगळं चकाचक झाल्यावर 320 चे ओरखडे दात काढून हसतात. स्टील वूल नको, लोखंडाचे कण अडकून नंतर गंजतात.

ऑइलगळती:
कव्हर खोलूनच करा, पण जपानी गाडी असेल तर ते प्लससारखे दिसणारे स्क्रू जेआयएसचे (जपानी मापाचे) असतात, साध्या फिलिप्स स्क्रूड्रायव्हरने घसरून डोकं खराब होतं. आणि पॅकिंग बसते त्या कडेला बफ (पॉलिशचं फिरतं कापडी चाक) अजिबात लावू नका, माझी कड गोल झाली आणि तेव्हापासून थेंब थेंब चालूच आहे (नाव उगाच नाही घेतलं 😅).
अजून एक, काही गाड्यांची कव्हरं मॅग्नेशियमची असतात, आतल्या बाजूला कोऱ्या धातूवर व्हिनेगरचा थेंब टाका, बुडबुडे आले तर पेपर खाली ठेवा, ती पूड पेट घेते आणि पाण्याने अजूनच भडकते.

जुनाटगाडी:
बुडबुडे नाहीत 👍 घासून झालं की परत लॅकर मारू का?

काळेहात:
आरशासारखं केलंत तर लॅकर नीट धरत नाही, वॅक्स लावा आणि अधूनमधून पुसत रहा. मला विचाराल तर जुन्या गाडीला आरसा शोभत नाही, 1000 वर थांबा.

जुनाटगाडी:
अपडेट, क्लच कव्हर झालं, फडकं पहिल्या मिनिटात काळं!! पण आता दुसऱ्या साइडचं मॅग्नेट कव्हर त्याच्यापुढे भिकारी दिसतंय, म्हणजे पुढचा रविवार पण गेला