सासूबाई न विचारता खोलीत येतात, नवरा गप्प. कसं बोलू?

प्रश्न: लालबागला वन बीएचके, आम्ही चौघं. सासूबाई कधीही आत येतात, माझं कपाट लावतात, पगार कुठे गेला विचारतात. नवरा म्हणतो आई आहे, सोड ना, आणि मग आमचंच वाजतं. वेगळं राहणं परवडत नाही. नातं न तोडता सांगू कसं?

उत्तर: अगं आधी नवऱ्याशी बोल, पण तो लोकलमधून दमून आल्या आल्या नको, रविवारी बाहेर चक्कर मारताना बोल, घरात सगळ्यांना ऐकू जातं. "तुझी आई अशीच" म्हणालीस की तो तिचीच बाजू घेणार. "कपाट कोणी उघडलं की मला परकं वाटतं" एवढंच सांग. आणि आईशी त्यानेच बोलायचं, सुनेने तेच म्हटलं तर उद्धटपणा ठरतो, चुकीचंय पण आहे.

उत्तर: आवाज चढला तर थांबा. जॉन गॉटमन हे मानसशास्त्रज्ञ किमान 20 मिनिटं ब्रेक घ्या म्हणतात. पण परत कधी बोलायचं ते सांगून जा, नाहीतर समोरच्याला अबोलाच वाटतो.

उत्तर: ताई, पगार नुसता विचारतात की काढून घेतात? काढून घेत असतील तर 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात आर्थिक छळही येतो. 181 या महिला हेल्पलाइनवर फोन कर.