सॅमो हंग म्हणजे जॅकी चॅनच्या सिनेमातला जाडा?

जुनी_कॅसेट: काल इथे कुणीतरी लिहिलं, ‘सॅमो हंग? जॅकीच्या पुण्याईवर जगलेला तो जाडा.’ वाचून झोप उडाली. अहो, दोघं हाँगकाँगमध्ये एकाच गुरूकडे, यू जिम-युएनकडे, चिनी ऑपेरा (गाणं, कसरती आणि मारामारी असलेलं नाटक) शिकले आणि तिथे सॅमो जॅकीचा थोरला गुरुबंधू होता. १९७३ च्या ‘एंटर द ड्रॅगन’मध्ये ब्रूस लीची पहिली लढत कुणाशी आहे? सॅमोशी. १९७७ ला त्याने दिग्दर्शन सुरू केलं. ‘व्हील्स ऑन मील्स’मधली जॅकी आणि अमेरिकन किकबॉक्सर बेनी उर्किडेझची मारामारी सगळे डोक्यावर घेतात, तो सिनेमा सॅमोचाच. आणि त्याचाच ‘द प्रॉडिगल सन’ बघा. विंग चून या चिनी युद्धकलेचा प्रत्येक हात सुटा दिसतो, कारण मारामारी कुठे कापायची हे त्याला कळतं.

टेकडीवरचा: मारामारी मान्य. पण त्याच्या ‘लकी स्टार्स’वाल्या सिनेमांत पाच बाप्ये एका बाईच्या मागे लागतात, त्याला विनोद म्हणायचं? बायकोसोबत बघायला बसलो आणि अर्ध्यात बंद केला. जॅकीने निदान घरात बसून बघता येईल असं काम केलं.

जुनी_कॅसेट: ते विनोद वाईट आहेत. त्यावर भांडणार नाही.

सांगलीची_मुलगी: तुम्ही त्या गुरूचं नाव किती भक्तीने घेता! तिथे पोरांना छडीने मारायचे, जॅकीनेच सांगितलंय. माझ्या भावाला कराटेच्या सरांनी पट्ट्याने मारलं होतं, आठवीत असताना. बेल्ट तर गेलाच, पुढे शिट्टी वाजली तरी तो दचकायचा.

लाल_माती: ताई, आमच्या तालमीत वस्तादांनी मारलं म्हणून आम्ही उभे राहिलो. माराशिवाय अंग तयार होत नाही.

सांगलीची_मुलगी: तुम्ही उभे राहिलात. जे घरी बसले ते इथे लिहायला येत नाहीत. माझ्या भावाला विचारा आणि मग अंग तयार करण्याचं सांगा.

लाल_माती: प्रत्येक वस्ताद राक्षस नसतो. माझ्या वस्तादांनी दोन वर्षं स्वतःच्या घरचं दूध पाजलंय मला. त्यांच्याबद्दल ऐकून घेणार नाही.

सांगलीची_मुलगी: दूध पाजलं म्हणून पट्टा माफ होत नाही.

जुनी_कॅसेट: दोघांनीही ‘पेंटेड फेसेस’ बघा. १९८८ चा. त्यात सॅमोने त्याच गुरूची भूमिका केली आहे. छडीही आहे आणि ऑपेरा बघायला कुणी येईनासं झाल्यावर एकटा पडलेला म्हाताराही. ज्याच्या हातचा मार खाल्ला त्याचंच सोंग घ्यायचं! हाँगकाँगचा उत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला त्याला.

सांगलीची_मुलगी: बघेन. मत बदलेल असं समजू नका.

टेकडीवरचा: रात्री ‘इप मॅन २’मधली सॅमोची टेबलांवरची लढत पुन्हा पाहिली. वय सत्तावन्नच्या आसपास, त्याच काळात हृदयाची शस्त्रक्रिया, आणि मारामारी रचली पण त्यानेच. बरं, पुण्याईचा शब्द मागे घेतो. तो मीच लिहिला होता. लकी स्टार्सचं मात्र बोललो ते बोललो.