मदत हवी आहे : ब्रॅडॉक-बेअर लढतीचं मूळ चित्रण

काल 'सिंड्रेला मॅन' (२००५) हा मुष्टियुद्धावरचा चित्रपट पाहिला. महामंदीत गोदीत हमाली करणारा, सरकारी मदतीवर घर चालवणारा जेम्स ब्रॅडॉक १३ जून १९३५ला मॅक्स बेअरला १५ फेऱ्यांत गुणांवर हरवून हेवीवेट जगज्जेता होतो. आणि गडी घेतलेली मदत परतही करतो! रसेल क्रो झकासच, पण मला पॉल जियामाटीचा मॅनेजर जास्त भावला.

खटकला तो बेअर. १९३०मध्ये त्याच्याशी झालेल्या लढतीनंतर मुष्टियोद्धा फ्रँकी कँपबेल दगावला हे खरं, पण म्हणून सरळ खलनायक? बेअरच्या मुलानंही यावर नाराजी व्यक्त केली होती.

न्यूयॉर्कमधल्या त्या लढतीचं मूळ चित्रण जास्तीत जास्त फेऱ्यांसह कुठे बघायला मिळेल? बेअरवरचं एखादं निःपक्षपाती पुस्तकही सुचवा. मराठीत असेल तर दुधात साखर, पण हट्ट नाही.